आमच्या गावचा न आलेला पाळणा

कॅनडातल्या एडमंटनच्या मधून नदी वाहते असं सांगितलं, की पुण्या-सांगलीच्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. गावाला नदी असायचीच. पुलावरून पलीकडे जायचं आणि पूर आला की कठड्याला टेकून पाणी बघायचं, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार. पण नॉर्थ सस्कॅचवान ही बाई नुसती वाहत नाही, तिने शहर खोदून ठेवलंय. दोन्हीकडे सपाट माळ आणि मधेच खोल, रुंद, झाडीने भरलेली दरी. या दरीतल्या बागा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या 22 पट आहेत, हे इथला प्रत्येक जण पाहुण्याला पहिल्या तासाभरात ऐकवतो. मीही ऐकवतो. घर एका काठाला आणि ऑफिस दुसऱ्या काठाला असलेल्या माणसाचे या 22 सेंट्रल पार्कांत काय हाल होतात, ते मात्र कुणी सांगत नाही. ते हाल टळावेत म्हणून एकदा दरीवरून दोरावरचा पाळणा, म्हणजे गोंडोला, येणार होता. त्याची ही गोष्ट.

माझं घर दक्षिणेला, ओल्ड स्ट्रॅथकोनात. ऑफिस उत्तरेला, डाउनटाउनमध्ये. ऑफिसच्या खिडकीतून आमची बाजू स्वच्छ दिसते. मॅगपायला (इथे कावळ्याच्या जागी मॅगपायची सत्ता आहे) पाचेक मिनिटं पुरत असतील. मला किती लागतात हे बसवर, बर्फावर आणि माझ्या पत्रिकेतल्या शनीवर अवलंबून असतं.

यात माझी एकट्याची फजिती नाही, याचाच काय तो दिलासा. 1891 मध्ये कॅल्गरीहून निघालेली रेल्वे जवळजवळ दोनशे मैल माळ तुडवत इथे आली, तिने दक्षिण काठावरून दरीत डोकावून पाहिलं, पलीकडे जायचा खर्च काढला आणि तिथेच मुक्काम ठोकला. म्हणून तर स्ट्रॅथकोना हे वेगळं गाव वसलं. ते 1912 मध्ये एडमंटनात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी हाय लेव्हल ब्रिज उघडला. म्हणजे लग्न आधी आणि सोयरिकीची बोलणी नंतर.

हा पूल प्रकरण भारी आहे. 777 मीटर लांब, काळाकभिन्न, सगळा रिव्हेटांचा. बांधला तेव्हा वरच्या मजल्यावर आगगाडी आणि ट्राम, खाली गाड्या. 1980 मध्ये एका कलावंताने त्यावरून चक्क धबधबा सोडला, तोही नायगाऱ्यापेक्षा उंच. नळाचं क्लोरीनवालं पाणी नदीत नको म्हणून तो पुढे बंद केला. एवढं सगळं करून झाल्यावर या पुलावरून मोटारगाड्या फक्त दक्षिणेकडे जातात. म्हणजे मला घरी आणायला पूल तयार, ऑफिसला न्यायला नाही. (पुलाचं मन कळतं मला.) सकाळी जायचं तर वॉल्टरडेल पुलावरून. त्याच्या नव्या कमानीचं लोखंड कोरियातून येणार होतं. ते उशिरा आलं, म्हणून पूलही उशिरा आला, 2017 मध्ये. त्या काळात ऑफिसात कुणीही उशिरा आलं की ‘‘स्टील कोरियात अडकलंय’’ एवढंच म्हणायचं. साहेब पुढे विचारत नसत.

राहिलं चालणं. हाय लेव्हलच्या कडेने पायवाट आहे. उन्हाळ्यात तिथून जाताना माणूस कवी होतो. उणे 30 मध्ये काय होतो, ते सांगतो. आधी आतली लोकरी विजार, मग पँट, मग पार्का (टोपी जोडलेला जाड कोट), मग टोपी, मग टोपीवर पार्काची टोपी, मग तोंडावर मफलर. आता चष्मा. मफलरमधून वर जाणारा श्वास चष्म्यावर बसतो आणि तिथेच गोठतो. चष्मा काढावा तर पापण्या एकमेकींना चिकटतात. मिशीचा तर थेट स्वतंत्र भूगोल तयार होतो. अशा अवस्थेत समोरून सायकलवाला येतो. होय, उणे 30 मध्ये, जाड टायरची सायकल घेऊन. कठड्याला तारांचं कुंपण लावल्यापासून वाट आणखी अरुंद झालीय. आम्ही दोघेही कुंपणाला चिकटतो, दोघेही ‘सॉरी’ म्हणतो आणि मग आपला सॉरी समोरच्याला ऐकू गेला नसेल म्हणून पुन्हा म्हणतो. यात गोठायला आणखी अर्धा मिनिट मिळतो.

म्हणून 2018 मध्ये शहरासाठी भन्नाट कल्पना मागवणारी एक स्पर्धा झाली आणि तिच्यात दरीवरून जाणाऱ्या गोंडोलाने पहिला नंबर काढला, तेव्हा मला साक्षात पुष्पक विमान उतरल्यासारखं वाटलं. डाउनटाउनहून दोरावर लटकायचं, नदी ओलांडायची आणि ओल्ड स्ट्रॅथकोनात उतरायचं. पैसे खासगी, शहराच्या खिशाला तोशीस नाही, असं प्रवर्तक सांगत होते. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर दुसरा विषय नव्हता. कोलंबियात मेडेयीनला 2004 पासून डोंगरावरच्या वस्त्या केबलने मेट्रोला जोडल्यात, बोलिव्हियात ला पाझने 2014 पासून शहरभर पाळण्यांचं जाळंच विणलंय, ही माहिती मोदक वाढताना मला मिळाली. सांगणारे काका दोन्हीकडे गेलेले नव्हते. पण त्यांचा आवाज गेलेल्या माणसाचा होता.

मी उत्साहाने आईला फोन केला.

‘‘म्हणजे रायगडाला आहे तसा रोपवे?’’

‘‘हो, तसाच. पण रोजच्या जाण्यायेण्यासाठी.’’

‘‘रायगडावर महाराज आहेत. तुझ्या त्या पलीकडच्या टोकाला कोण आहे?’’

‘‘माझा साहेब.’’

‘‘मग एवढी घाई कशाला करतोस?’’

आईचं सोडा, पण जसजसा विचार करू लागलो तसतशी मलाही धाकधूक वाटू लागली. उंचीची नव्हे. बसमध्ये सगळे पुढे तोंड करून बसतात, हा संस्कृतीचा केवढा आधार आहे, हे पाळण्याचं चित्र पाहिल्यावर कळलं. तिथे समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा. मधे उतरायची सोय नाही, कारण मधे नदी. समोरचा आधी हवामानावर बोलणार. ते उणे 30 आहे, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे विषय लगेच संपणार. मग ऑइलर्स या इथल्या हॉकी संघावर. मला हॉकीतलं एवढंच कळतं, की ऑइलर्स हरले की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हसायचं नसतं. आणि या सगळ्यात माझ्या मांडीवर डबा. डब्यात लसणाची फोडणी दिलेली मेथी. बसमध्ये तिचा वास मागच्या दारापर्यंत विरत जातो. बंद काचेच्या खोक्यात तो कुठे जाणार? तोही माझ्यासोबत थेट डाउनटाउनलाच उतरणार.

2022 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझने गारोन नदीवरून असा पाळणा खरंच सुरू केला, मेट्रोच्याच तिकिटात. आमच्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपरिषदेने गोंडोलाचा प्रस्ताव मोडीत काढला. कारणांत पैशाचे प्रश्न होते, पण मोठं कारण रॉसडेलचं. नदीकाठच्या त्या सखल भागात इथल्या आदिवासी समाजांचे पूर्वज आणि जुन्या किल्ल्याच्या काळातली माणसं पुरलेली आहेत. पाळण्याचे खांब आणि स्थानक तिथे येणार होतं. त्यांचे वंशज नको म्हणाले. खरं सांगायचं तर माझ्या मेथीच्या सोयीसाठी कुणाच्या आजोबांच्या डोक्यावर खांब रोवावा, असं मलाही वाटेना. काका मात्र अजून रुसलेले आहेत.

शहराने दरीसाठी काहीच केलं नाही, असं नाही. 2017 च्या डिसेंबरात हॉटेल मॅकडॉनल्डशेजारी फ्युनिक्युलर (उतारावर रुळांवरून चढ-उतार करणारी लिफ्ट) सुरू झाली, 2 कोटी 40 लाख डॉलरची. फुकट आहे, छान आहे, मिनिटभरात खाली नेते. दरीत सोडून ती परत वर निघून जाते. पलीकडचा चढ तुमचा तुम्ही बघा. 2023 च्या नोव्हेंबरात नवी रेल्वेही दरी ओलांडून धावू लागली. ती 2020 मध्ये यायची होती, पण मधे तिच्या खांबांना तडे सापडले. धावू लागली तेव्हा मी आनंदाने नकाशा उघडला. ती मिल वूड्सला जाते. आमच्या घराकडे तिने पाठच फिरवली आहे.

2024 च्या जानेवारीत पारा उणे 40 च्या खाली गेला आणि एका संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: विजेची टंचाई आहे, नको ते दिवे, उपकरणं बंद करा. बायकोने हॉलमधला दिवा घालवला आणि अंधारातच म्हणाली, ‘‘तू आत्ता पाळण्यात असतास.’’ मी पार्का घालून सोफ्यावर बसलो होतो. बाहेर गाडीच्या इंजिनाला गोठू नये म्हणून लावलेला प्लग काढावा की राहू द्यावा, यावर आमचं बराच वेळ खलबत चाललं.

त्या उन्हाळ्यात आई आली. हाय लेव्हलच्या वरच्या मजल्यावरून हौशी मंडळी अजून जुनी ट्राम चालवतात. त्यांच्याकडच्या गाड्यांत एक तर ओसाकाहून आलेली आहे. आईला घेऊन गेलो. खाली हिरवीगार दरी, ऊन, नदीत होड्या. आई खूश. चालवणारे आजोबा निवृत्त गृहस्थ, बोलके. आईने मला विचारायला लावलं, की एवढी चांगली सोय आहे तर माझा मुलगा हिवाळ्यात कुडकुडत चालत का जातो?

आजोबा म्हणाले, ‘‘हिवाळ्यात बंद असते. जुनी गाडी आहे, तिला थंडीत बाहेर काढत नाही आम्ही.’’

मी भाषांतर केलं. आईने आधी ट्रामकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘बघ. तिला जपणारी माणसं आहेत.’’