एकही नाव नाही

गेल्या रविवारी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून मी सूर्योदयाचा फोटो काढला. सूर्य तसा ढगातच होता, पण खाली 'नवी पहाट, नवी उमेद' लिहिलं की तेवढं चालतं. स्टेटसला टाकला आणि उतरायला लागलो. विसाव्या पायरीवर थांबून बघितलं. चाळिसाव्या पायरीवर बघितलं. 'कोणी पाहिलं'च्या यादीत एकही नाव नाही.

स्टेटसचं आयुष्य 24 तासांचं. पहिला तास मी 'रविवार आहे, झोपले असतील' यावर काढला. दुसऱ्या तासाला राउटर बंद करून चालू केला. माझी मेहुणी परक्यांच्या मांजरांचीही स्टेटस बघते, तीसुद्धा नाही? आणि वाणी? परवाच मी त्याचं नव्या गुळाचं स्टेटस शेवटपर्यंत बघितलं होतं! लग्नात आहेराची वही ठेवतात, तशी ही वही माझ्या डोक्यात असते.

मानसशास्त्रज्ञ मास्लोने 1943 साली माणसाच्या गरजा मांडताना अन्न आधी आणि मानसन्मान बराच नंतर ठेवला. आमच्याकडे दुपारी श्रीखंड होतं आणि घास उतरत नव्हता.

"तू तरी बघितलंस का गं माझं स्टेटस?"

"अहो, तुम्ही अख्खे समोर बसलाय. आणखी काय बघायचं?"

त्यापेक्षा चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बरा. सिग्नलला अडकलेला माणूस बघणारच, जाणार कुठे? शिवाय कोणी बघितलं याची यादी नसते, त्यामुळे सगळ्या शहराने बघितलं असं धरून 'भावी नगरसेवक' निवांत झोपतो.

संध्याकाळी लेकीने फोन हातात घेतला. "बाबा, तुम्ही ब्लू टिक बंद केलीय. मग यादी कशी दिसेल?"

गुरुवारी केली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींचा वर्गणीचा मेसेज मी वाचला, हे त्यांना कळू नये म्हणून. आपण लपलो की बघणारेही आपल्यापासून लपतात, हे कोणाला माहीत!

रात्री साडेअकराला टिक चालू केली आणि 'नवी पहाट' पुन्हा टाकली. चार मिनिटांत पहिलं नाव आलं. सेक्रेटरी. पाठोपाठ मेसेज: 'फोटो सुंदर. वर्गणीचं काय?'

पहिले दोन शब्द मी तीनदा वाचले.