नकाशावर न दिसणाऱ्या होड्या

मोबाईलवर जहाजांचा लाइव्ह नकाशा उघडला की रंगीत बाणांची नुसती झुंबड उडालेली दिसते. बघणाऱ्याला वाटतं, चला, समुद्रावर आता सगळ्यांवर नजर आहे. कसली नजर! ज्यांना खरा धोका, ते या नकाशावर बहुतेक नसतातच.

हे बाण एआयएस यंत्रामुळे दिसतात. जहाज आपला नऊ आकडी क्रमांक, ठिकाण, दिशा आणि वेग व्हीएचएफ रेडिओवरून सांगत राहतं. मोठं जहाज चालू असताना दर 2 ते 10 सेकंदांनी. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, 300 ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना 2004 च्या अखेरीपासून हे सक्तीचं आहे. लहान मच्छीमार होड्यांना हा जागतिक नियम लागू नाही. काही देशांचे स्वतःचे नियम आहेत, ते वेगळे. म्हणजे धडक झाली तर ज्याचा फक्त रंग खरवडेल त्याला सक्ती, आणि ज्याची होडी फुटेल त्याची मर्जी. अजब न्याय आहे.

रात्री जाळं टाकून थांबलेली लाकडी होडी डोळ्यांसमोर आणा. लाकूड रडारवर धड उमटत नाही, त्यात खवळलेल्या लाटांचेही ठिपके पडद्यावर येतात. 20 नॉटने (ताशी सुमारे 37 किलोमीटर) येणारं मालवाहू जहाज अर्ध्या मिनिटात 300 मीटर पुढे सरकतं आणि ते जागच्या जागी थांबत नाही, वळायलाही वेळ घेतं. लहान बोटींसाठीचं साधं क्लास बी एआयएस यंत्र जेमतेम 2 वॅटचं, तेही होडी चालू असताना अर्ध्या मिनिटातून एकदा आणि थांबलेली असताना तीन मिनिटांतून एकदा बोलणारं. तरी काही मैलांवरून जहाजाला सुगावा लागला, तर वळायला वेळ मिळतो.

मग तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, ते बंद का ठेवतात? मासळी कुठे लागतेय हे सगळ्यांना कळतं म्हणून. चोरटी मासेमारी करणारेही बंद ठेवतात, नाही असं नाही. 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, जगातल्या मोठ्या व्यावसायिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजं सार्वजनिक ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाहीत. पण पोटासाठी जागा लपवणारा आणि चोरी लपवणारा यांना एकाच मापाने मोजू नका.

माझं मत सरळ आहे. लहान होड्यांनाही यंत्र सक्तीचं करा, खर्च सरकारने उचलावा. रेडिओ उघडाच असतो, आसपासचे ऐकणारच. पण अ‍ॅपवाल्यांनी या होड्यांची जागा जगाला दाखवताना एक-दोन दिवस उशीर करावा. बचाव केंद्राला मात्र ती तत्काळ दिसावी. नुसत्या दंडाच्या धाकाने यंत्र बसेल हो, पण किनारा मागे पडल्यावर बटण तांडेलाच्याच हातात असतं.