रक्तातला पोलादी कोळी

लाल रक्तपेशीला आठ पायांनी कवटाळून बसलेला पोलादी कोळी. हे चित्र सध्या मोबाइलवर फिरतंय. खाली मजकूर: ‘नॅनोरोबो रक्तात सोडा, तो कॅन्सरच्या पेशी हुडकून मारतो. केमोथेरपी आता इतिहासजमा. औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय.’

‘रोबो’ म्हणाल, तर या वर्णनाच्या जवळ जाणारं संशोधन खरंच आहे, २०१८ सालचं. त्यातला ‘रोबो’ म्हणजे डीएनएच्या ९० बाय ६० नॅनोमीटरच्या चादरीची गुंडाळी, पोटात थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्यांवरचं ठरावीक प्रथिन भेटलं की गुंडाळी उलगडते, तिथलं रक्त गोठतं आणि गाठीची रसद तुटते. सुरेखच कल्पना! पण मोटर नाही, बॅटरी नाही, पाय तर नाहीतच. रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद. तिच्याशेजारी ही गुंडाळी चित्रात दिसलीही नसती. आणि गाठी कमी झाल्या त्या उंदरांच्या.

‘हुडकून मारतो’ हा दाव्यातला सर्वांत कच्चा दुवा. या गुंडाळीसारखे नॅनोकण काही हुडकत नाहीत, रक्ताबरोबर वाहत जातात. वाटेत यकृत आणि प्लीहा त्यांना परका कचरा समजून गिळतात. दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यक निघाला ०.७ टक्के. म्हणजे हजारातले सात कण मुक्कामी, बाकीचे भलतीकडे. गाठीला चिकटणारे रेणू कणांवर बसवूनही हा आकडा फारसा हलला नाही. या क्षेत्राचं खरं दुखणं हे आहे, आणि चित्रात नेमकं तेच नाही.

केमो इतिहासजमा? अहो, वापरात असलेली बरीचशी नॅनोऔषधं म्हणजे केमोच आहे, फक्त वेष्टन बदललेलं. डॉक्सिलमध्ये जुनंच डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं असतं. त्यामुळे हृदयाला होणारी इजा कमी होते, हा मोठाच फायदा. पण तळहात-तळपायांची कातडी सोलवटण्याचा त्रास मात्र या वेष्टनामुळे वाढतो.

राहिलं ‘दाबून ठेवलंय’. डॉक्सिलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९५ साली, अ‍ॅब्राक्सेन या दुसऱ्या नॅनोऔषधाला २००५ साली. ही दोन्ही औषधं औषध कंपन्यांनीच विकली, आणि चांगल्या महाग दराने.