गुडघ्यातलं वंगण आणि बाभळीच्या शेंगा

‘चाळिशीनंतर गुडघ्यातलं वंगण आटतं. गुडघे जितके वाचवाल तितके टिकतील, म्हणून जिने, टेकडी, मांडी घालणं आजपासून बंद. बाभळीच्या शेंगांची पूड कोमट पाण्यातून घ्या, वंगण परत भरतं. नी-कॅप दिवसरात्र लावा. शीर दुखत असेल तर तीन महिने पूर्ण आराम. फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका, ते नुसता शेक देतात. फारच दुखलं तर एक इंजेक्शन पुरे.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. असले मेसेज रोज येतात आणि मी ते रोज पुसते. पण हा वाचून माझ्या सख्ख्या मावशीने पर्वतीची टेकडी चढणं बंद केलं, वर पुडीचा डबा मागवला. आता उत्तर देणं भाग आहे.

आधी वंगण. सांध्यात द्रव असतो हे खरं, पण चांगल्या गुडघ्यात तो चहाच्या चमच्याइतकासुद्धा नसतो, आणि सांध्याचं अस्तर तो कायम बनवत असतं. झीज झालेल्या गुडघ्यात तो पातळ होतो, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकते. संपत मात्र नाही. उलट गुडघा सुजतो तेव्हा तो वाढलेला असतो. डॉक्टर सुईने ‘पाणी काढतात’ ते हेच. म्हणजे ज्याला सांगताय वंगण संपलं, त्याच्या गुडघ्यात ते अनेकदा जास्तच असतं. शेंगांच्या पुडीने कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, परत उगवते असं आजवर कोणी दाखवलेलं नाही. बाभूळ तुरट. मावशीला आधीच बद्धकोष्ठाचा त्रास, त्यात ही भर.

खरा घात आहे तो ‘वाचवाल तितके टिकतील’ या वाक्यात. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. वजन पडलं की ती दाबली जाते, सुटलं की आजूबाजूचा द्रव शोषते, आणि त्यावरच तिचं पोषण चालतं. चालणं-चढणं थांबवलं की हे मंदावतं. त्याहून लवकर जातो तो मांडीचा पुढचा स्नायू. मावशीच्या दोन्ही मांड्यांना वाटीच्या वर सारख्याच अंतरावर टेप लावली, तर दुखऱ्या पायाची मांडी दोन सेंटीमीटर बारीक. दिवाणावरून उठताना ती सगळा भार चांगल्या पायावर घेते, एक हात गुडघ्यावर रेटते आणि शेवटी ‘अगं बाई’ म्हणून उभी राहते. एक्स-रेमधल्या झिजेचं मी काही करू शकत नाही. या उठण्याचं करू शकते.

त्यासाठी खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, हात छातीशी बांधायचे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठायचं आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली यायचं. दहा-दहाचे तीन सेट. जमायला लागलं की एक उशी काढायची, मग दुसरी. पुढे पायरीवरून एका पायाने हळू उतरणं. थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसलं, तर व्यायाम बरोबर चाललाय. वाढलं तर मात्रा कमी करा, व्यायाम बंद करू नका. पर्वतीसुद्धा बंद नाही: निम्म्यापर्यंत जा आणि उतरताना कठडा धरा, कारण बहुतेकांना त्रास होतो तो उतरताना. दुखणं ताजं असताना मांडी घालू नका, हा सल्ला मात्र बरोबर आहे. ‘कायमची बंद’ हे कुठून आलं?

नी-कॅप प्रवासात, गर्दीत आधार वाटतो म्हणून घाला. झोपताना कशाला?

आता इंजेक्शन. 2020 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयांतली एक चाचणी छापून आली. गुडघ्याच्या झिजेचे 156 रुग्ण, निम्म्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी. दुखणं आणि हालचाल मोजायची पट्टी 240 गुणांची, गुण जितके कमी तितकं बरं. सुरुवातीला दोन्ही गट 108च्या आसपास. वर्षाने इंजेक्शनवाले 55.8 वर, फिजिओवाले 37 वर. इंजेक्शनवालेही सुधारले, नाही म्हणत नाही. रात्रीची झोप उडाली असेल तर तो आधार घ्यावा. पण ‘फिजिओवर पैसे घालवू नका’ म्हणणाऱ्याने हे आकडे दोनदा वाचावेत.

शिरेचं, म्हणजे टेंडनचं, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं. दर रविवारी सिंहगड करणारी पोरं टाच किंवा वाटीच्या खालची जागा धरून येतात, दोन महिने आराम करून. आरामात दुखणं थांबतं, टेंडन मात्र आणखी कमकुवत होतो, आणि पहिल्याच चढाला पुन्हा तेच. स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांचा टाचेमागचा टेंडन असाच दुखायचा आणि शस्त्रक्रिया करायला कोणी तयार होईना. तेव्हा टेंडन तुटला तर करतील, या हिशोबाने त्यांनी मुद्दाम दुखऱ्या पायावर भार टाकायला सुरुवात केली. टेंडन तुटला नाही, बरा झाला. 1998 मध्ये त्यांनी हाच व्यायाम 15 हौशी धावपटूंवर तपासला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, रोज दोनदा, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावायला लागले. आज मात्रा वेगवेगळ्या आहेत, तत्त्व तेच. (पाय मुरगळून गुडघा लगेच सुजला, अडकला किंवा लचकायला लागला तर ही गोष्ट वेगळी. आधी ऑर्थोपेडिककडे.)

राहता राहिलं ‘ते नुसता शेक देतात’. इथे मला चडफडत मान डोलवावी लागते. पुण्यात अशी क्लिनिकं आहेत जिथे पडद्याआड झोपवून मशीनच्या तारा चिकटवतात, वीस मिनिटांनी काढतात आणि दहा दिवसांचं पॅकेज आगाऊ घेतात. शेकाने तासभर बरं वाटतं, मांडी भरत नाही. पहिल्या भेटीत तुम्हाला कोणी खुर्चीतून उठायला लावलं नाही, पायरी चढायला लावली नाही आणि घरी करायचा एकही व्यायाम लिहून दिला नाही, तर पुढच्या नऊ दिवसांचे पैसे भरू नका.