टाइप लावला म्हणजे डेटा खरा झाला?

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल: ‘क्लास हाताने लिहिणं बंद करा. एपीआयचं उत्तर उचला, ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये पेस्ट करा, क्लास तयार! टाइप आला की चुकीचा डेटा आत शिरूच शकत नाही. जेसन सगळ्या भाषांत सारखाच वाचला जातो.’ खाली टाळ्यांचा पाऊस. (एपीआय म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागायची सोय, जेसन म्हणजे त्या डेटाची मजकुरातली मांडणी, क्लास म्हणजे प्रोग्राममधला त्याचा साचा, आणि टाइप म्हणजे साच्यातल्या कुठल्या फील्डमध्ये काय बसणार ते.) माझी भाची अंधेरीला नुकतीच कामाला लागलीय, सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणाऱ्या ॲपवर. तिने तो मला ‘मामा, हे भारी आहे’ म्हणून पाठवला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

‘चुकीचा डेटा शिरूच शकत नाही’ हे आधी घेतो, कारण खरी वाट यानेच लागते. समजा जावाच्या क्लासमध्ये ‘थकबाकी’ इंट, म्हणजे पूर्णांक, आहे. सर्व्हरने नल (रिकामी किंमत) पाठवलं, म्हणजे हिशोब अजून लागलेला नाही. जेसन वाचून क्लास भरणाऱ्या जॅक्सन या लायब्ररीची २ मालिका काय करते? मुकाट्याने ० भरते. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ. सभासदाला दिसतं ‘थकबाकी शून्य’, आणि खजिनदार बसतो डोकं धरून. पुढच्या बिलात व्याज धरून २५१२.५० आले, तर तीच जॅक्सन त्या इंटमध्ये २५१२ ठेवते आणि पन्नास पैसे गिळते. दोन्ही गोष्टी सेटिंग बदलून थांबवता येतात, पण मुळात तशा नसतात. पैशाला बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा टाइप) लावा, नल येऊ शकतं तिथे इंटिजर (नलही ठेवू शकणारा पूर्णांक). कॉटलिनवाल्यांनीही हसू नये: जीसन या तशाच लायब्ररीला तुमचं नॉन-नल (‘इथे नल चालणार नाही’ ही खूण) कळत नाही, फील्ड आलं नाही तर आत नलच बसतं आणि ॲप भलत्याच ओळीवर आपटतं. टाइपस्क्रिप्टमध्ये तर ‘ॲज बिल’ (‘हे बिल समज’) लिहिलं की फक्त कंपायलर गप्प होतो. चालताना ते टाइप शिल्लकच नसतात, तपासणार कोण?

आणि कन्व्हर्टर बघतो काय, तर तुम्ही पेस्ट केलेला एक नमुना. शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच पातेल्यातल्या. नमुन्यात २५०० होते म्हणून इंट, यादी रिकामी होती म्हणून ऑब्जेक्टची लिस्ट. एपीआयचं स्पेसिफिकेशन उघडायचे कष्ट कोणी घ्यायचे?

‘सगळ्या भाषांत सारखाच’ म्हणणाऱ्याने जेसनचं मानक, २०१७ चं आरएफसी ८२५९, उघडून बघावं. त्यात साफ लिहिलंय की पूर्णांकांबाबत सगळ्यांचं एकमत धरायचं ते २ च्या ५३ व्या घातापेक्षा एकने कमी इथपर्यंतच. जावास्क्रिप्टच्या जेसन डॉट पार्सला ९००७१९९२५४७४०९९३ द्या, शेवटचा ३ जाऊन २ येतो. जावाचा लाँग (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) तोच आकडा बरोबर वाचतो. म्हणजे व्यवहाराचा आयडी वेबवर एक, सर्व्हरवर दुसरा. आयडीची कोणी बेरीज करत नाही, स्ट्रिंग म्हणून पाठवा.

चाळीस फील्डांचा क्लास हाताने टाइप करणं ही हमाली आहे, हे मात्र कबूल. सांगाडा यंत्राकडून काढून घ्या, खुशाल. पण सभासदांची खरी नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल कुठल्याशा फुकट साइटवर चिकटवू नका. क्विकटाइप नावाचा असाच एक कन्व्हर्टर आहे, ते आपल्याच मशीनवर कमांड लाइनवर चालतं, एकाहून जास्त नमुनेही घेतं. त्यातला एक नलवाला द्या.