पंप गया समझो, भिया

इंदुरात जुन्या डिझेल पिकअपला एकच आजार होतो, पंपाचा, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाचा. सकाळी सुरू झाली नाही, पंप. चढाला दमली, पंप. धूर काळा आला तरी पंप, पांढरा आला तरी पंप. मिस्त्री बॉनेट उघडतो, आधी इंजिनाकडे बघतो, मग तुमच्या चपलांकडे बघतो आणि दोन्हींचा हिशेब करून सांगतो, "पंप गया समझो, भिया."

मी बोलतोय ते मेकॅनिकल पंपाच्या, अडीच-तीन लिटरच्या, चार सिलिंडरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल. त्यांच्यात कॉम्प्युटर नाही. त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागून काही कळायची सोय नाही. गाडी जे सांगते ते धुरातून, आवाजातून आणि वासातून. माझं स्पष्ट मत आहे की या खटल्यात पंप बहुतेक वेळा निर्दोष असतो. स्वच्छ डिझेल मिळालं तर तो वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. खरे आरोपी त्याच्या अलीकडे बसलेले असतात. कुठे तांब्याचं वॉशर, कुठे फिल्टरची रबरी रिंग, कुठे चिरलेली नळी. पण वॉशर बदलून कोणाचं घर चालत नाही, हेही समजून घ्यायला हवं.

या आजाराचा हंगाम म्हणजे जानेवारी. पारा दहाच्या खाली गेला की सकाळी सेल्फ कुरकुरायला लागतो आणि त्या आवाजावर सुदामानगरातले समस्त काका माकडटोप्या घालून गोळा होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "प्लग साफ केलास का रे?" डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, हे गल्लीत कोणाला सांगू नये. सांगितलं तर पुढचा अर्धा तास "मग पेटतं कशानं?" यावर जातो. पेटतं ते दाबाने. आत घेतलेली हवा साधारण अठरा पट दाबली की ती 500 अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप भडकतं. काही गाड्यांत मदतीला हीटर प्लग असतो, तो फक्त ऊब देतो. म्हणजे सगळा खेळ इंजिन किती जोरात फिरतं यावर आहे. सेल्फ रेंगाळला की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेली गार भिंतींना लागून थंड होते, आणि मग पंप नवा घातला तरी काही पेटत नाही.

म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. मल्टिमीटर घ्यावा, महागडा नको. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं तर अल्टरनेटर ठीक. बॅटरी उत्तम आणि तरी सेल्फ रडतोय, तर अर्थिंग बघा. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर बहुधा चॅसिसवरून इंजिनाला जाणारी ती विणलेली पट्टी गंजलेली आहे. काढा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. खुंट्यांवरची पांढरी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी आणि वर व्हॅसलीन लावावं. या इलाजात धक्का मारणाऱ्या आठ माणसांच्या पोहे-जिलबीचा खर्च वाचतो, म्हणूनच बहुधा तो गल्लीत कोणी सुचवत नाही.

सेल्फ जोरात फिरतोय, तरी गाडी घेत नाही? मग बॉनेट सोडा आणि मागे जाऊन सायलेन्सरकडे बघा. पांढरी वाफ येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पेटत नाही. काहीच येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. एवढं एक बघितलं तरी निम्मी दुपार वाचते.

डिझेल पोहोचत नसेल तर सगळ्यात आधी बंद करायची यंत्रणा तपासावी, कारण गाडी बंद ठेवणारी वस्तूच कधीकधी कामात चोख असते. रोटरी जातीच्या इंजेक्शन पंपावर एका तारेचा सोलेनॉइड, म्हणजे डिझेलची वाट उघडणारी विजेची झडप, असतो. चावी फिरवली की त्याचा 'टक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर तारेवर 12 व्होल्ट आहेत का बघा. आहेत तर सोलेनॉइड गेला, नाहीत तर फ्यूज किंवा वायर. ज्या गाडीत ओढायची स्टॉप वायर आहे तिथे पंपावरची दांडी पूर्ण परत आली का ते डोळ्यांनी पाहावं. वायर गंजून दांडी अर्ध्यात अडकते, डिझेल तुटतं, आणि "पंप गया" हे निदान बोटाने दांडी ढकलल्यावर बरं होतं.

आता मुख्य आजार, हवा घेण्याचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतलं डिझेल पुढे आणणारा छोटा पंप) भाग ओढून घेणारा आहे. तिथे फट पडली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंब नाही, नळीवर ओल नाही, म्हणून सगळे म्हणतात लाइन एकदम टकाटक. रात्री त्या फटीतून हवा आत येते आणि डिझेल मुकाट्याने टाकीकडे परत जातं. खूण अशी की सकाळी गाडी खूप सेल्फ खाते, धरते, मरते, पुन्हा धरते, आणि एकदा चालू झाली की दिवसभर शहाण्यासारखी वागते. संध्याकाळी मिस्त्रीकडे नेली की अर्थातच अर्ध्या सेल्फला सुरू होते.

याची एक फुकट परीक्षा आहे. रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी करा. टाकी मागे आणि वर राहते, डिझेल परत जात नाही. सकाळी पटकन सुरू झाली तर हवेचा संशय पक्का. दुसरी परीक्षा सियागंजातून आणलेल्या अर्ध्या मीटर पारदर्शक नळीची. डिझेल सोसणारी मागा, नाहीतर दुकानदार कूलरची देतो आणि ती आठवड्यात काचेसारखी कडक होते. ती फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरती जोडून गाडी चालू करा. बुडबुड्यांची माळ दिसली की टाकीकडे एकेक जोड मागे सरकत शोधा. बहुधा फिल्टरच्या डोक्यावरची रिंग, बँजो बोल्टची (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) वॉशरं नाहीतर क्लिपखाली चिरलेली रबरी नळी यांपैकीच कोणीतरी सापडतं. तांब्याचं वॉशर एकदा दाबलं गेलं की कडक होतं. नवं मिळालं नाही तर जुनं गॅसवर लालभडक करून पाण्यात टाकावं, मऊ पडतं. हे काम घरात पोळ्या चालू असताना काढू नये.

फट बुजवली की हवा काढायची. टाकीत पुरेसं डिझेल आहे ना बघा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच, पंप मारणं न थांबवता, स्क्रू आवळायचा. इथे चूक होते ती घाईची. हात थांबवून आवळलं की हवेचा शेवटचा घोट आतच राहतो. मग इंजेक्शन पंपावरच्या ब्लीड स्क्रूला हाच प्रयोग. तरी घेत नसेल तर डिझेल फवारणाऱ्या नोजलांपैकी दोनांवरचे पाइपाचे नट 17 च्या पान्याने अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेलच्या पिचकाऱ्या आल्या की आवळायचे. सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे मिनिटभर विश्रांती. नाहीतर हवा निघते आणि सेल्फ जळतो.

एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगतो. चालू इंजिनात या पाइपांतला दाब 200 बारच्या वर जातो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी. ती बारीक धार कातडीतून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं, मलम लावून बसायचं नाही.

धुराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर गल्लीत आधीच भरपूर वाङ्मय आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघा. मेट्रोच्या खोदकामाजवळून रोज जाणाऱ्या गाडीला पुस्तकातले किलोमीटर लागू होत नाहीत. टर्बो असेल तर त्याच्या नळ्यांच्या क्लिपा बघा. मग नोजल टेस्टरवर लावा, उघडण्याचा दाब आणि फवारा दोन्ही तपासून घ्या, आणि टोकाला थेंब लोंबत असेल तर दुकानदाराचं "चलेगा" ऐकू नका. बसवताना जुनं वॉशर भोकात तळाशीच चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसतं. नोजल उंच राहतो, फवारा चुकतो, आणि नवा नोजल खराब निघाला म्हणून सगळे हळहळतात. निळा धूर तेलाचा. गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कुलंटचा, तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलेलं. डिपस्टिकवर तेल काळं दिसतं म्हणून घाबरू नये, डिझेलमध्ये नवं तेलही लगेच काळं पडतं. पातळी आपोआप वाढली तर मात्र घाबरावं. तेलात डिझेल किंवा पाणी उतरतंय, आणि दुधाळ दिसलं तर पाणीच.

उन्हाळा आला की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून खिशात टाकतो. "इंदौर में इसका क्या काम, भिया?" काम असं की तो साधारण 82 अंशांना रेडिएटरकडची वाट उघडून इंजिन योग्य गरमीवर ठेवतो. काढला तर इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं, धूर सोडतं आणि लवकर झिजतं. ज्या इंजिनात तो बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट खरंच अडकलाय का हे पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट घेऊन दहा मिनिटांत कळतं. पातेलं जुनं घ्यावं. चहाचं घेतल्यास निकाल गाडीचा लागत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी घालू नये, त्यातला चुना नळ्यांत बसतो. इंदूरच्या नळाचं नर्मदेचं पाणी जलूदहून विंध्य चढून येतं, त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण तेही नको. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, निम्मं-निम्मं. रेडिएटर बाहेरून धुताना पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी, समोरून मारली की किडे आणि धूळ आणखी आत बसतात. गरम असताना झाकण उघडू नये, हे दरवर्षी कोणीतरी नव्याने शिकतो.

चोइथराम मंडीतून बटाटे भरून निमाडात उतरायचं असेल, भेरूघाटाने किंवा मानपूरच्या घाटाने, तर ब्रेकच्या बूस्टरला जोर देणारा व्हॅक्यूम आधी बघावा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा आयता व्हॅक्यूम मिळत नाही. तो करणारा छोटा पंप बहुतेक या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला असतो (हा पंप मात्र कोणाच्या तोंडी नसतो). इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवून सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलावं. घाटात ते पाणीच उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महात्मे आहेत. वाचत काही नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की पंपातला गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर पीतच राहतं. त्यातही इंजिन बंद केलं तर व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि मग ब्रेक मांडीच्या ताकदीवर. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्यातच उतरा.

पीयूसीला जाताना गाडी चांगली गरम करून न्या. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा 2.45, बीएस-4 ला 1.62. गार इंजिन आणि तुंबलेला फिल्टर घेऊन गेलात तर पुढचं निदान काय होईल ते सांगायला नको.

केबिनमध्ये एवढं सामान असू द्या: डिझेल फिल्टर आणि त्याची रिंग, चार मापांची तांब्याची वॉशरं, अर्धा मीटर नळी, दोन क्लिपा, फॅनचा पट्टा, फ्यूज, टॉर्च, पुठ्ठा आणि पाने. 17 चे दोन ठेवा. एक कायम कोणीतरी "अभी देता हूँ, भिया" म्हणून नेलेला असतो.