दोन दिवसांचा उशीर आणि मोघम अहवाल : आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्लो सायटोमेट्रीच्या (रक्तातील एकेक पेशीवरच्या खुणा पाहणाऱ्या चाचणीच्या) अहवालाला दोन दिवस उशीर झाला, मध्येच पुन्हा रक्त मागितले गेले आणि शेवटी 'असामान्य टी-पेशींचा गट, क्लोनल असण्याची शक्यता' (क्लोनल म्हणजे एकाच मूळ पेशीपासून वाढलेला) एवढेच मोघम वाक्य हाती आले, अशी आपली तक्रार आहे. कर्करोग आहे की नाही हे सरळ का सांगत नाही, हा आपला प्रश्न रास्त आहे. रुग्णाचे आकडे मी येथे उघड करणार नाही. तपासणी कशी चालते तेवढे सांगतो.

टी-पेशी आणि बी-पेशी हे पांढऱ्या रक्तपेशींचे दोन प्रकार. बी-पेशींची तपासणी तुलनेने सोपी असते. प्रत्येक बी-पेशीवर कॅपा किंवा लॅम्डा या प्रथिनांच्या साखळ्यांपैकी एकच साखळी असते, त्यामुळे सगळा गट एकाच साखळीचा दिसला की तो एकाच मूळ पेशीपासून वाढला असावा, हे लगेच लक्षात येते. टी-पेशींत ही सोय नाही. तिथे आधी सीडी३, सीडी५, सीडी७ या खुणा (पेशीवरील प्रथिने) नेहमीइतक्या ठळक आहेत का, ते पाहावे लागते. पडद्यावर एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. सीडी७ फिकट झालेल्या पेशींचा पुंजका मुख्य थव्यापासून बाजूला सरकलेला दिसतो. पण काही विषाणुसंसर्गांतही तो तसाच सरकतो, आणि एवढ्यावरून लिम्फोमा (या पेशींचा कर्करोग) लिहिलेल्या अहवालावर मी तरी सही करणार नाही. म्हणून टीआरबीसी१ या टी-पेशींवरील आणखी एका खुणेला चिकटणारी अँटिबॉडी घालून रक्ताची आणखी एक नळी तपासतो. निरोगी टी-पेशींत ही खूण असलेल्या आणि नसलेल्या पेशींची सरमिसळ असते, तर एकाच वंशाचा गट जवळजवळ पूर्णपणे एका बाजूला जातो (गॅमा-डेल्टा या वेगळ्या प्रकारच्या टी-पेशींना मात्र ही कसोटी लागू पडत नाही). त्यातही असे छोटे क्लोन कर्करोग नसलेल्यांच्या, विशेषतः वयस्करांच्या, रक्तात सापडतात. त्यामुळे अंतिम निदान लक्षणे, रक्तगणना आणि गरज पडल्यास बायोप्सी एकत्र पाहून रक्तविकारतज्ज्ञच करतात.

जादा नळीसाठी पहिला नमुना पुरेसा नव्हता, आणि शिळ्या रक्तातील मृत पेशी अँटिबॉडी धरून ठेवून खोटे पुंजके दाखवतात, म्हणून ताजे रक्त मागितले. मात्र हे कारण न सांगता आमच्या कर्मचाऱ्याने फोन ठेवला, ही चूक आमची आहे आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. यापुढे असा फोन अहवाल पाहणारे डॉक्टर स्वतः करतील.

आपल्या अहवालात कोणती खूण किती पेशींवर फिकट आहे, हेही लिहायला हवे होते. तो तपशील आणि मूळ आलेख जोडलेला सुधारित अहवाल आम्ही आपल्या डॉक्टरांकडे पाठवत आहोत.